हिरा, हीरो आणि सातवीची वही

कतारगाममध्ये राहायचे आणि दिवसभरात 'हिरा' हा शब्द ऐकायचा नाही, हे जवळजवळ अशक्य. सुरतच्या या भागात कितीतरी गल्ल्यांमध्ये घंटीवर, म्हणजे फिरत्या चाकावर, हिरे घासले जातात. पण हा एकच शब्द इथल्या मराठी मुलासमोर तीन वेगवेगळ्या वेषांत येतो. शेजारचे काका गुजरातीत 'हीरो' म्हणतात आणि लिहितात, पहिले अक्षर दीर्घ. हिंदी जाहिरातीत 'हीरा' असतो, तोही दीर्घ. मराठीच्या पुस्तकात मात्र 'हिरा' असतो आणि त्याची वेलांटी पहिली.

सातवीतल्या एखाद्या मुलाने निबंधात 'हीरा' लिहिला, तर बहुतेक वह्यांत पुढे काय घडते ते आपल्याला पाठ आहे. शब्दाभोवती लाल गोल पडतो आणि समासात 'दहा वेळा लिहा' असे येते. मुलगा दहा वेळा 'हिरा, हिरा, हिरा' लिहितो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा 'हीरा' लिहून मोकळा होतो. तो आळशी आहे म्हणून असे होत नाही. दहा वेळा लिहिताना हात चालतो, पण मनातला प्रश्न तसाच राहतो: आजूबाजूला दोन भाषा दीर्घ लिहितात, मग आमच्याच भाषेत ऱ्हस्व का?

या प्रश्नाला उत्तर आहे, तेही अर्ध्या तासात समजावून सांगता येण्यासारखे. सहावी ते आठवीच्या मुलांचे लेखन सुधारण्याची वाट तिथूनच सुरू होते. चूक कुठून आली हे आधी शोधायचे, दुरुस्तीला मग हात घालायचा.

एका मुलाच्या कानावर किती भाषा?

सुरतेतली मराठी वस्ती मुख्यतः उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या बाजूला आहे आणि तिच्यातला मोठा भाग खानदेशातून आलेला. तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या रेल्वेने नंदुरबार, धुळे, जळगावची माणसे इथे कामासाठी आली आणि राहिली. कतारगाममध्ये सौराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे इथल्या मराठी मुलाभोवती गुजरातीचा वेढा अधिकच घट्ट. घरी आजी अहिराणी बोलते, आई-बाबा मराठी आणि अहिराणीची सरमिसळ करतात, जिन्यावर नि मैदानात गुजराती, मोबाइलवर हिंदी आणि शिकवणीत इंग्रजी.

शाळांचे चित्रही असेच बहुरंगी आहे. सुरत महानगरपालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, ओडिया आणि तेलुगू अशा सात माध्यमांतून चालतात. शिवाय गुजरात विधानसभेने २०२३ मध्ये केलेल्या कायद्याने पहिली ते आठवीपर्यंत सर्व शाळांत गुजराती शिकवणे सक्तीचे झाले. म्हणजे मराठी माध्यमातले मूल ज्या वर्षांत मराठीचे लेखननियम शिकते, त्याच वर्षांत ते गुजरातीचीही 'जोडणी' शिकत असते.

'जोडणी' हा स्पेलिंगसाठीचा गुजराती शब्द. अक्षराला अक्षर कसे जोडायचे, एवढाच त्याचा अर्थ. आपण मात्र 'शुद्धलेखन' म्हणतो आणि त्यातला 'शुद्ध' मुलाच्या मानेवर बसतो. वेलांटी चुकली की जणू काही विटाळच झाला! अलीकडे अनेक अभ्यासक 'प्रमाणलेखन' म्हणणे पसंत करतात. तो शब्द जास्त खरा आहे, कारण ही प्रमाणे माणसांनीच ठरवलेली आहेत.

नियम कुणी केले?

हे मुलांना गोष्टीसारखे सांगावे. शिवकाळात आणि पेशवाईत मराठीचा दरबारी कागद मोडीत लिहिला जाई आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये सुरतेवर स्वाऱ्या केल्या. त्या काळच्या मोडी कारकुनाला 'सुरत' की 'सूरत' ही चिंता नव्हती. पुढे छापखाने आले, शाळा आल्या, क्रमिक पुस्तके आली. एकच शब्द दहा तऱ्हांनी छापून चालेना, तेव्हा नियमांची गरज भासली.

गुजरातीत हे काम गुजरात विद्यापीठाने केले. गांधीजींच्या आग्रहावरून विद्यापीठाने १९२९ मध्ये जोडणीकोश काढला. यापुढे मनाला येईल तशी जोडणी करण्याचा अधिकार कुणाला नाही, अशी गांधीजींची भूमिका होती. ज्यांच्यावर हे काम सोपवले गेले, त्यांत साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर होते. गुजरातीची जोडणी ठरवण्यात एका मराठी माणसाचा हात होता, हे सुरतेतल्या मराठी मुलाला जरूर सांगावे. तरीही तिथला वाद मिटला नाही. १९९९ मध्ये ऊंझा येथे जमलेल्या भाषाप्रेमींनी गुजरातीत एकच 'ई' आणि एकच 'उ' ठेवावा, असा आग्रह धरला.

मराठीत साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. आजची पाठ्यपुस्तके या अठरा नियमांवर उभी आहेत. आजोबांच्या पेटीतल्या जुन्या पुस्तकात 'नाहीं', 'तूं', 'मीं' असे टिंबांसह शब्द दिसतात. ती त्या काळची बरोबर रूपे होती. उच्चारात नसलेले अनुस्वार या नियमांनी काढून टाकले. नियम बदलू शकतात हे कळले की मुलाची भीती कमी होते. आणि नियमामागे काही विचार असतो हे कळले की ते शोधावेसे वाटते.

जागा सांगते ऱ्हस्व की दीर्घ

आता हिऱ्याकडे येऊ. मूळच्या मराठी शब्दांत ऱ्हस्व-दीर्घ पुष्कळदा अक्षराच्या जागेवरून ठरते. मुलाला तीनच जागा दाखवाव्यात.

पहिली जागा शब्दाच्या शेवटची. तिथे इकार-उकार दीर्घ: पाणी, जरी, साडी, विळी, पिसू, लाडू. वाक्ये जोडणारा 'की' हा शब्दही दीर्घच, हिंदीतल्यासारखा ऱ्हस्व नाही. अपवाद मोजके: आणि, नि, परंतु, तथापि असे काही.

दुसरी जागा शेवटून दुसरी. शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर हे आधीचे अक्षर दीर्घ: फूल, दूध, मीठ, गरीब, मजूर, कारागीर, पाकीट. इथे शेवटचा 'अ' आपण उच्चारतच नाही, म्हणून आवाज आधीच्या अक्षरावर रेंगाळतो. 'फूल' मोठ्याने म्हणून पाहा, ऊ लांबतो.

तिसरी गोष्ट याची उलटी बाजू. शेवटचे अक्षर स्वतःच दीर्घ असेल तर आधीचे ऱ्हस्व: किडा, विळी, पिसू, पुडी, पाहुणा. आणि म्हणूनच हिरा! शेवटचा 'रा' लांब, म्हणून 'हि' आखूड. हिरे, हिऱ्याचा, हिऱ्यांना, कुठल्याही रूपात 'हि' ऱ्हस्वच.

याच सूत्राने आणखी एक गाठ सुटते. 'फूल' दीर्घ, मग 'फुलाला' ऱ्हस्व का? कारण प्रत्यय लागताच ते अक्षर शेवटून दुसऱ्या जागेवर राहत नाही. दूध-दुधाचा, मीठ-मिठात, मजूर-मजुराला, कारागीर-कारागिराने, पाकीट-पाकिटात. गुजरातीत 'फूल' आणि 'फूलने', हिंदीत 'फूल' आणि 'फूल को', दोन्हीकडे दीर्घ तसाच टिकतो. प्रत्यय लागताना शब्दाच्या आतल्या अक्षरात ऱ्हस्व-दीर्घाची ही अदलाबदल करणारी या तिघींत मराठीच. तेव्हा सुरतेतल्या मुलाने 'दूधाचा' लिहिले, तर बाकीच्या दोन भाषांची सवय त्याने इमानाने मराठीला लावलेली असते.

म्हणून शब्द सुटा पाठ करून घेऊ नये, जोडीने घ्यावा. 'फूल' पाठ केले की 'फुलाला' चुकते. 'फूल-फुलाला' अशी जोडी तोंडात बसली की अशा शेकडो शब्दांचे कुलूप एका किल्लीने उघडते.

शेजाऱ्याची पाटी

सुरत हे कवी नर्मदांचे गाव. १८३३ मध्ये इथे जन्मलेल्या नर्मदांनी 'नर्मकोश' हा गुजराती शब्दकोश रचला. त्यांच्या नावाचे मोठे ग्रंथालय शहरात आहे, विद्यापीठालाही त्यांचे नाव आहे. त्यांच्या नावाआधी गुजरातीत 'कवि' लागतो, ऱ्हस्व. हिंदीतही 'कवि'. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला हा शब्द या दोन्ही भाषांनी तसाच ठेवला. मराठीने मात्र आपल्या उच्चाराला धरून शेवट दीर्घ केला: कवी, गती, बुद्धी, शक्ती, गुरू.

मुलाची इथे पंचाईत होते. मग त्याला मराठीतच दुसरीकडे ऱ्हस्व दिसतो: कविसंमेलन, बुद्धिबळ, गतिशील, गुरुवार. कारण सोपे आहे. समासात हा शब्द शेवटी राहत नाही, आत जातो आणि संस्कृतातले मूळ रूप परत घेतो. घराच्या दारात उभा असेल तर दीर्घ, आतल्या खोलीत गेला तर ऱ्हस्व, असे सांगितले की मुले हसतात आणि लक्षातही ठेवतात.

'तू' चेही असेच. गुजरातीत ते 'तुं' असते, ऱ्हस्व आणि वर टिंब. मुलाच्या मराठी वहीत 'तुं' दिसला, तर ते गुजराती वर्गातून आलेले पाहुणे समजावे. 'विद्यार्थी' मध्ये वेगळीच गंमत होते. गुजराती लिपीत 'द्य' हे जोडाक्षर 'ध' सारखे दिसते, त्यामुळे गुजराती मुलेही हा शब्द हमखास 'विधार्थी' लिहितात. दोन्ही लिप्या शिकणारे मूल तीच चूक मराठीत घेऊन येते. त्याला 'विद्या' हा शब्द मोठ्याने म्हणायला लावावे. 'विधा' असा उच्चार तो करणारच नाही.

शेजारी नेहमी गोंधळच घालतो असे मात्र नाही. अहिराणीत 'ळ' चा पुष्कळदा 'य' होतो: डोळा 'डोया' होतो, काळा 'काया'. 'ण' चा 'न' होतो: पाणी 'पानी'. घरी हेच ऐकणाऱ्या मुलाच्या वहीत 'पानी' येणे स्वाभाविक आहे. 'तुझी भाषा अशुद्ध' असे त्याला चुकूनही म्हणू नये. अहिराणी ही स्वतःच्या चालीची भाषा आहे, तिचे नियम तिच्यापुरते चोख आहेत. इथे छापील गुजराती मदतीला येते. तिच्यात 'पाणी', 'काळो', 'केळुं' असे ण आणि ळ जागच्या जागी असतात. हिंदी पुस्तकाला जे जमत नाही, ते गुजराती पाटी करून दाखवते. आजी 'पानी' म्हणते, रस्त्यावरची पाटी 'पाणी' म्हणते, मराठी पुस्तक कुणाच्या बाजूने? मुलाला न्यायाधीश करा, तो शब्द पुन्हा विसरणार नाही.

शब्दाचे कूळ

जागेचे नियम मूळच्या मराठी शब्दांना लागतात. संस्कृतातून आलेल्या शब्दांना त्यांचे स्वतःचे कूळ असते आणि सहावीनंतर पुस्तकांत हेच शब्द वाढतात. 'परीक्षा' हा त्यातला सर्वांत छळणारा. 'परिसर', 'परिणाम' पाहिलेले मूल 'परिक्षा' लिहिते आणि तर्काने वागलेले असते. त्याला फोड दाखवावी: परि + ईक्षा, दोन इकार मिळून एक दीर्घ. 'ईक्षा' म्हणजे पाहणे. मग प्रतीक्षा, समीक्षा, निरीक्षण ही सगळी भावंडे एका झटक्यात ओळखीची होतात.

'महत्त्व' मध्ये दोन त, कारण महत् + त्व. 'नेतृत्व' मध्ये एकच, कारण नेतृ + त्व. 'उज्ज्वल' मध्ये दोन ज, कारण उत् + ज्वल. कूळ सांगितले नाही, तर मूल हे सगळे वेगवेगळ्या खिळ्यांसारखे डोक्यात ठोकत बसते.

काही चुका मात्र डोक्याच्या नसून हाताच्या असतात. देवनागरीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची पण म्हणायची नंतर. रफार म्हणायचा आधी आणि काढायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. म्हणून 'आशीर्वाद' चा 'आर्शीवाद' होतो. इथे व्याकरण उपयोगाचे नाही. 'आ-शीर्-वाद' असे तोडून म्हणायचे, 'र्' कुणाच्या आधी ऐकू आला ते बोटाने दाखवायचे आणि त्याच अक्षरावर रफार ठेवायचा.

कतारगामची पापडी आणि एक फेरी

हिवाळ्यात सुरतेच्या बाजारात पापडी येते आणि त्यातही कतारगामच्या पापडीचा मान मोठा. तिच्यावाचून सुरती उंधियो पुरा होत नाही. मराठीत आपण हा शब्द सैलपणे 'उंधियो', 'उंधियू' असा लिहितो. गुजराती पाट्यांवर तो 'ऊंधियुं' असतो. पहिला ऊ दीर्घ, कारण तो 'ऊंधुं' या शब्दापासून आला आणि त्याचा अर्थ पालथे. मडके पालथे घालून ही भाजी शिजवत, म्हणून हे नाव. ही गोष्ट ऐकलेले मूल शब्दाचे पहिले अक्षर चुकत नाही, पदार्थही दुप्पट चवीने खाते.

म्हणून आठवड्यातून एकदा मुलांना घेऊन बाजारात फेरी मारावी. प्रत्येकाने पाट्यांवरचे पाच शब्द टिपायचे आणि ते मराठीत कसे लिहितात ते शेजारी मांडायचे. 'धोरण' सारखा शब्द तर हसवूनच सोडतो: गुजरातीत त्याचा अर्थ इयत्ता, मराठीत सरकारचे किंवा संस्थेचे ठरलेले वागणे. अशा फेरीतून मुलाला कळते की लिहिणे म्हणजे निवड आहे आणि प्रत्येक भाषेने आपली निवड केलेली आहे.

रोजचे काम

पहिले दोन आठवडे काही सुधारू नये, फक्त चुका गोळा कराव्यात. मुलाच्या सगळ्या वह्यांतले चुकलेले शब्द एका पानावर पाच खणांत मांडावेत: जागेची चूक, शेजाऱ्याची चूक, घरच्या बोलीची चूक, शब्दाच्या कुळाची चूक आणि हाताची चूक. बहुतेक मुलांचा एखादाच खण भरलेला निघतो. आईबापांना जे 'सगळेच चुकतो' असे वाटते, ते पानावर आल्यावर तेवढे भयंकर राहत नाही. चुकांकडे असे पुराव्यासारखे पाहण्याची रीत अभ्यासकांचीही आहे. अमेरिकेत चार्ल्स रीड यांनी १९७१ मध्ये शाळेत जाण्याआधीच्या वयातल्या मुलांचे स्वतःहून केलेले लेखन तपासले. 'ट्र' या जोडध्वनीसाठी मुले टी-आरऐवजी सी-एच-आर लिहीत, कारण इंग्रजी उच्चारात तो खरोखरच 'च' च्या जवळ जातो. मुलांचा कान बरोबर होता, फक्त रूढी त्यांना माहीत नव्हती.

मग एका वेळी एकच खण धरावा. आठवड्याला दहा शब्द पुरेत, जोडीने घेतलेले. शब्द पाहायचा, झाकायचा, मनात म्हणून लिहायचा आणि स्वतःच ताडून पाहायचा. यातले झाकणे महत्त्वाचे. समोर पाहून दहादा उतरवणे म्हणजे आठवण्याचे कष्ट टाळणे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर उताऱ्यांचा प्रयोग केला. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवत होते. शब्दांनाही ही युक्ती लावता येते. आज लिहिलेला शब्द उद्या विचारावा, मग तीन दिवसांनी आणि मग पुढच्या आठवड्यात.

श्रुतलेखन ठेवावे, पण गुण देऊ नयेत. दोन मुलांनी एकमेकांना चार वाक्ये सांगावीत आणि एकमेकांची तपासावीत. तपासणाऱ्याने चूक दाखवताना कारणही सांगायचे, एवढाच नियम. 'मजुराला' का ऱ्हस्व, हे ज्याला दुसऱ्याला सांगता येते त्याला ते आले. शंका आली की मो. रा. वाळंबे यांचे व्याकरण किंवा अरुण फडके यांचा लेखनकोश उघडण्याची सवय लावावी. मोबाइलवर 'hira' टाइप केले की कळफलक कधी हिंदी रूपही पुढे करतो, तेव्हा तो सुचवेल ते बरोबरच असेल असे नाही, हेही मुलाला सांगून ठेवावे.

तपासणीची लाल शाई मोजून वापरावी. निबंधात मुलाने काय म्हटले आहे त्यावर आधी एक वाक्य लिहावे, मग धरलेल्या खणातल्या चुकांवरच खूण करावी. वीस गोल पडलेली वही मूल बंद करून ठेवते आणि पुढच्या निबंधात फक्त खात्रीचे, सोपे शब्द वापरते. चुका कमी होतात खऱ्या, पण भाषाही आटते.

एक सावधगिरी. सातवी-आठवीतले मूल भरपूर सराव करूनही मूळ अक्षरांत, काना-मात्रांत सतत अडखळत असेल, वाचनही रखडत असेल, तर 'लक्ष नाही' म्हणून विषय संपवू नये. ही अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने तिला मान्यता दिली आहे आणि तज्ज्ञांकडून तपासणी करून घेता येते.

बाकी मुलांच्या बाबतीत दोन-तीन महिन्यांत फरक दिसू लागतो. चुका तेव्हाही होतात, पण मूल लिहिता लिहिता थांबते, मागे जाते, शब्द ओठांत म्हणून पाहते आणि वेलांटी बदलते. त्या थांबण्यासाठीच एवढा खटाटोप.

आणि मग कधीतरी कतारगामच्या एखाद्या जिन्यावर दोन वह्या शेजारी शेजारी उघडतात. एकीत 'हीरो', दुसरीत 'हिरा'. शेजारचा मित्र म्हणतो, तुझा चुकला. मराठी मुलगा आधी त्याच्या वहीत पाहतो, मग आपल्या वहीत, आणि सांगतो, 'तुझाही बरोबर आहे. आमच्यात शेवटचा रा लांब असतो ना, म्हणून.'